पाण्याखालचा श्वास

९ फेब्रुवारी २०२६

प्रणालीचा फोन आला. ललितच्या लॅपटॉपमध्ये प्रवाळाचे जुने आवाज आहेत का, ते बघायला सांगत होती. "काकू, आमच्या इथली हार्ड डिस्क खराब झाली. आता ते आवाज असतील तर तुमच्याच घरी."

ही पोरगी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेची. ललितबरोबर लक्षद्वीपच्या एका बेटावर काम करायची. तो गेल्यावर पुष्कळांचे फोन यायचे, मग हळूहळू थांबले. हिचे थांबले नाहीत. रविवारी करतेच. माझे गुडघे, तिकडचा पाऊस, काय जेवलात, एवढंच बोलतो. चांगल्या वळणाची आहे.

ललितचं सामान संस्थेनं एका पेटीत घालून पाठवलं होतं. ती पेटी त्याच्या खोलीत होती तशीच आहे. २०२४च्या मे महिन्यात माझा मुलगा समुद्रात उतरला आणि वर आला नाही. सापडलाही नाही. मी सगळी नोकरी नर्स म्हणून वॉर्डात काढली. परक्यांचे डोळे मिटले, हात सरळ केले, नाकात कापूस ठेवला. त्याचं काहीच करायला मिळालं नाही. हे कुणाशी बोलता येत नाही, म्हणून ही वही.

पेटी ओढली तेव्हा देवमन दारापर्यंत आले. नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, वहीत घेते. म्हणाले, "कायले उघडतं ते?" मी कारण सांगितलं. ते उंबऱ्यावरूनच परत गेले. त्या खोलीत ते येत नाहीत.

११ फेब्रुवारी

लॅपटॉप सुरू झाला. प्रणालीनं फोनवरून कुठं काय दाबायचं ते सांगितलं. महिन्याच्या नावानं कप्पे केलेले आहेत. मी आधी मे उघडला. मला त्या दिवसाचं काही हवं होतं. मे रिकामा आहे. त्या दिवसाचं आवाज टिपायचं यंत्र त्याच्याबरोबरच गेलं.

मग जानेवारी उघडला आणि हेडफोन लावला.

मला वाटलं होतं लाटा ऐकू येतील. लाट नाहीच. तापल्या मडक्यात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट, न थांबता. ललित सांगायचा, ती एक बोटाएवढी कोळंबी असते, नांगी आपटते, हजारो असतात. मधूनच कुणीतरी गुरगुरतं, मधूनच कुरकुर, दातांनी खडीसाखर फोडल्यासारखी. तो पोपट मासा, दगडावरचं शेवाळ खरवडणारा. मला वाटायचं पोरगा मला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगतो. समुद्राखाली एवढा बाजार भरलेला असतो हे खरं निघालं.

आणि त्या सगळ्यात एक श्वास आला. आत ओढलेला, बारीकसा अडखळलेला, मग बुडबुडे सोडत बाहेर.

मी हेडफोन काढून ठेवला.

१२ फेब्रुवारी

परत ऐकला. तोच आहे.

लहानपणी त्याला बाळदमा होता. छातीला कान लावून मी रात्री काढल्या आहेत. दमा गेला, पण श्वास आत घेताना शेवटी एक छोटी गाठ लागल्यासारखं व्हायचं, ते राहिलं. हे डॉक्टरांनाही ऐकू येत नसे. मला यायचं.

१५ फेब्रुवारी

प्रणालीला सांगितलं की आवाज आहेत. नक्की ना, म्हणून तिनं दोनदा विचारलं. मग कामाचं सांगायला लागली.

ललित गेला त्या वर्षी समुद्र तापला तेव्हा तिथलं प्रवाळ आधी पांढरं पडलं आणि मग बरंचसं मेलं. मला हे ललितनंच समजावलं होतं, एप्रिलमधल्या फोनवर. प्रवाळ दगड नाही, जीव आहे, त्याच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला रंग देतं आणि खायला घालतं. पाणी एक-दोन अंशांनी जास्त तापलं की ते शेवाळ बाहेर पडतं. मी हसले होते. म्हटलं, एवढ्यानं? आमच्या अकोल्यात ये म्हणावं. तर म्हणाला, "आई, पेशंटचा ताप दोन अंशानं वाढला तं तू काय करत होती?"

प्रणाली म्हणाली, मेलेलं प्रवाळ मुकं होतं. माशांची पिल्लं खुल्या समुद्रात जन्मतात आणि परत येताना आवाजावरून घर शोधतात. आवाज नसेल तर ती पुढं निघून जातात. म्हणून जिथं थोडं प्रवाळ जगलं आहे तिथं पाण्याखाली स्पीकर ठेवून जुना, भरल्या घराचा आवाज लावून बघायचा. मासे आले तर शेवाळ खातात, खडक साफ राहतो, नव्या प्रवाळाला धरायला जागा मिळते. दुसऱ्या देशांत थोडं जमलं आहे. इथं जमेलच असं नाही.

"फक्त त्यातले श्वास काढावे लागतील, काकू. माणूस आहे असं वाटलं तं मासे बुजतात. आन् मशीननं काढलं तं कोळंबीचा आवाजही जातो. कानानंच काढावं लागते."

मी विचारलं, "कोणाचे श्वास?"

ती म्हणाली, "तुमाले माहीत आहे."

मी देत नाही म्हणून सांगितलं. समुद्रानं त्याला एकदा घेतलं. आता त्याच्या आवाजातूनही तुम्ही त्याला काढणार.

२१ फेब्रुवारी

दिवसभर आवाज लावून ठेवते. खोली भरलेली वाटते.

आज भांडी घासताना नळ बंद केला आणि पाईपमध्ये तोच श्वास ऐकला, गाठीसकट. हात तसाच साबणाचा. लॅपटॉप बंद होता, मी जाऊन पाहिलं. शेजारच्या गंगूबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काय झालं वो सिस्टर?" म्हटलं, काही नाही, मांजर होतं.

२६ फेब्रुवारी

मोर्णा नदीच्या पुलावर रिक्षात बसले असताना ऐकू आला. एवढ्या हॉर्नमध्ये. आता मला भीती वाटत नाही, हीच भीती वाटते.

वॉर्डात नातेवाईक मेलेल्याच्या नाकासमोर सूत धरून बसायचे. हललं म्हणायचे. मी त्यांना हळूच बाजूला घ्यायची.

२ मार्च

प्रणालीनं काही न लिहिता एक आवाज पाठवला. तीच जागा, मागच्या डिसेंबरमधली.

काही नाही. खरंच काही नाही. कुठं तरी एखादी टिचकी, मग पुन्हा काही नाही. दूर एक होडीचं इंजिन गेलं. मी हेडफोनचा आवाज वाढवत राहिले. वॉर्डातला पेशंट गेला तरी निदान पंखा फिरत असतो.

त्याची हीच जागा. याच ठिकाणी तो रोज उतरायचा. असल्या ठिकाणी त्याला एकट्याला ठेवलं आहे आपण, असं मनात आलं. वेड्यासारखं आहे हे, पण आलं.

संध्याकाळी फोन केला. "देतो. पण कापणार मी. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

"मले शिकवाले यावं लागन मग," ती म्हणाली. सुट्टीवर घरी आलीच आहे.

८ मार्च

प्रणाली नांदगाव पेठेहून बसनं आली. उन्हानं काळवंडली आहे. ललितच्या खोलीत गेली तेव्हा चप्पल दाराबाहेर काढली, जसं देवघरात जाताना काढतात. त्याची मच्छरदाणी, त्याची शाळेची ढाल, सगळ्याकडे बघितलं, कशालाच हात लावला नाही. मी म्हटलं बस पलंगावर, तर खाली बसली.

शिकवलं चांगलं. आवाजाचं चित्र दिसतं पडद्यावर. कोळंबीचं गवतासारखं, श्वासाचा खांब. खांब निवडायचा, कापायचा. मूळ आवाज तुमच्याजवळच राहतो काकू, हा फक्त दुसरा आहे, असं तिनं चार वेळा सांगितलं. मला ते पहिल्या वेळीच कळलं होतं.

जेवताना देवमन तिला वाढत होते. मला आश्चर्य वाटलं. या माणसानं कधी पाहुण्याला वाढलं नाही. तिला म्हणाले, "ठेचा घे ना, तुले आवडते." तिला ठेचा आवडतो हे यांना कुठून कळलं कोण जाणे. अंदाजानं म्हणाले असतील.

१३ मार्च

रोज दुपारी काम करते. सोपं नाही. एकेक कापताना ऑक्सिजनची नळी काढल्यासारखं होतं. आधी हळूच निवडते, एकदा ऐकते, मग कापते.

कूलरचं काहीतरी बिघडलं आहे. मी हेडफोन लावला की थोड्या वेळात बंद पडतो आणि मी उठले की सुरू होतो. मिस्त्रीला बोलवा म्हटलं तर देवमन म्हणतात, पाहू. स्वतः ओसरीत बनियन ओली करून बसलेले असतात.

१७ मार्च

जिथं कापते तिथं दोन टोकं जुळवावी लागतात. बारीकसा धक्का राहतो. प्रणाली म्हणते माशांना तो कळणार नाही. पण मला आता त्या धक्क्यातच तो जास्त ऐकू येतो. होता तेव्हा श्वास होता. काढला तर तिथं तो स्वतः उभा राहतो.

१९ मार्च

आज एक वेगळंच सापडलं. फेब्रुवारी चोवीसच्या कप्प्यात. त्यात दोन श्वास आहेत.

एक ललितचा, सावकाश. दुसरा भराभर, वर वर, घाबरलेल्या माणसाचा. वॉर्डात ऑपरेशनच्या आधी मुली असा घेतात. मग हळूहळू तो दुसरा श्वास मंदावत जातो. ललितचा आणखी मंद होतो, जणू तो मुद्दाम दाखवतो आहे की असा घे, असा. शेवटी दोन्ही बरोबर चालू लागतात. एकच माणूस वाटतो. कितीतरी वेळ तसंच. कुणी कुठं जात नाही, कुणी काही काम करत नाही.

पाण्याला ओढ असेल. म्हणून हात धरून थांबले असतील.

एवढा ओळखीचा श्वास असूनही, दोन्ही मिळाल्यावर ललितचा कुठला ते मी शोधत राहिले. तेवढं कापायला हात होईना. उद्या बघू.

२४ मार्च

प्रणाली आली होती. तिला म्हटलं, हे दोघांचं काय करू, यात तू आहेस बहुतेक. हेडफोन दिला.

तिनं ऐकलं. हेडफोन नीट ठेवला, वायर गुंडाळली, आणि मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतलं. परत आली तर डोळे लाल. ऊन लागलं असेल, बसचा प्रवास. मी कैरीचं पन्हं दिलं.

मग म्हणाली, "काकू, घरी पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले. मोर्शीकडचे आहेत, शेतीवाले."

"चांगलं आहे ना मग."

"तुमाले वाटते मी हो म्हनावं?"

मी म्हटलं, "तुझं वय झालं पोरी. किती दिवस समुद्रात राहशील? घरच्यांचंही ऐकावं."

ती मान हलवत राहिली. देवमन ओसरीत होते, उठून आत आले आणि मला म्हणाले, "तुले काही कळत नाही तं बोलत नको जाऊ." पाहुण्यासमोर असं बोलायची गरज नव्हती. रात्री मी जेवायला वाढलं, बोलले नाही.

दोघांचा तुकडा प्रणाली म्हणाली कापू नका, तो अख्खाच सोडून द्या. मासे त्याच्याशिवाय चालवून घेतील.

२९ मार्च

शेवटचा श्वास आज कापला. तो नेमका अर्धा होता, त्यानं यंत्र बंद केलं असेल. आत घेतलेला आहे, सोडलेला नाही.

त्यावर मी बराच वेळ हात ठेवून बसले.

प्रणाली घेऊन गेली. पाऊस लागायच्या आत समुद्रात उतरवायचं आहे. वाकून पाया पडली. मी म्हटलं, आमच्यात एवढं नसतं गं. तरी पडली.

आता आवाज लावत नाही. खोलीत जात नाही. तरी येतोच, दुपारी, भिंतीतून.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून डीजे. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. विहारात वंदनेला गेलो, निळे झेंडे, खिरीचं पातेलं, सगळे भेटले. लहानपणी ललित कानांवर हात ठेवून देवमनच्या खांद्यावर बसायचा. देवमन आज मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले, खांदे थोडे पुढं झुकवून. मला पाठीमागून दिसत होते.

एवढ्या आवाजात आज तो ऐकू आला नाही. पहिल्यांदाच. घरी येऊन मी शोधत बसले. नळ सोडला, बंद केला. मग लाज वाटली.

१८ एप्रिल

बेटावरून फोन. आवाज तुटत होता. स्पीकर लावून आठवडा झाला. मासे आले.

"पुष्कळ नाही काकू. पन आले. बोटाच्या पेरायेवढे, निळे. एका मेलेल्या खडकाच्या फांद्यायमधे शिरून बसले. बाजूच्या, बिनआवाजाच्या खडकावर कोनीच नाही. टिकतील का नाही ते आताच नाही सांगता येत."

मी विचारलं, "तू पाण्यात होतीस?"

"रोज उतरतो."

"भीती वाटते का गं?"

ती म्हणाली, "त्याच्या जागी नाही वाटत." पुढं काहीतरी बोलत होती, मग लाईन गेली. शेवटी "बरं आई" असं ऐकू आलं. घाईत तिच्या आईशी बोलते आहे असं वाटलं असेल तिला.

२५ एप्रिल

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

दुपारी दार वाजलं. उन्हानं रस्ता रिकामा. दारात एक बाई, डोक्यावर पदर, त्यावर ओला रुमाल, हातात कापडी पिशवी. "ललितचं घर हेच काय?"

दोन वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हेच.

"मी प्रणालीची आई. सुभद्रा."

नांदगाव पेठेहून अमरावती, तिथून दुसरी बस धरून एकटी आली होती. पाणी प्याली, दिवाणाच्या कडेला बसली. आमच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, शेजारच्या ललितच्या फोटोकडे बघितलं. मग थेट विचारलं.

"पाहुण्याइनं होकार देला. आन् पोरगी फोनवर म्हनते, त्याइले नाही सांग. मी म्हनलं काहून. तं म्हनते, मैनाकाकूले विचार. तिच्या बापाले अजून काहीच माहीत नाही. तुमीच सांगा आता. तुमच्या पोराचं आन् माह्या पोरीचं काय होतं?"

मी म्हटलं, "मले तिनं काहीच नाही सांगितलं, ताई."

"मंग मले कोन सांगन?"

मला माहीत नाही, एवढं बोलून मी सुटले असते. खोटंही नव्हतं. पण बोलता बोलता मला एकेक आठवत गेलं. दारात काढलेली चप्पल. धुतलेलं तोंड. हो म्हणू का, हे तिनं मला विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं.

देवमन आतल्या दारात उभे होते. म्हणाले, "लगन करनार होते ते."

मी वळून बघितलं.

"ललितनं मले सांगितलं होतं. सुट्टीत येतो आन् आईले मीच सांगतो म्हने, तुमी सांगू नका. मग तो आलाच नाही." मग सुभद्राबाईंकडे बघून म्हणाले, "मागून बोलून काय करू? तुमच्या पोरीचं नाव निघालं असतं गावात."

दोन वर्षं हा माणूस हे एकट्यानं घेऊन बसला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. नंतर येईल.

सुभद्राबाईंच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या. "पोरगी दोन वर्स घरी येते, जाते, भाकरी थापते," त्या म्हणाल्या. "आमच्यासमोर एक डाव रडली नाही."

मी उठले. म्हटलं, या. ललितच्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, लॅपटॉप मांडीवर घेतला. हेडफोनचा एक कान त्यांच्या कानाला लावला, एक माझ्या. फेब्रुवारीतला तो दोघांचा तुकडा लावला.

तडतडाट सुरू झाला तशा त्या दचकल्या. मी सांगितलं, समुद्र आहे, खालचा. कोळंब्या आहेत. भिऊ नका.

"हा कोन भराभर?"

"ती."

"भेते ते पान्याले. लहानपनी विहिरीजवळ उभी राहत नव्हती." मग थोड्या वेळानं, "आन् हा?"

"ललित."

त्यांनी मान हलवली. डोळे मिटले. शेतात लांबून कुणाची हाक आली तर बाया जशा ऐकतात तशा ऐकत होत्या. आमची डोकी जवळ आली होती, त्यांच्या पदराला उन्हाचा आणि सरकीच्या तेलाचा वास होता. प्रणालीचा श्वास हळूहळू उतरत गेला. ललितचा तिच्यासाठी थांबत गेला. मग दोन्ही मिळाले.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आता कोनता माह्या पोरीचा?"

मी म्हटलं, "आता सांगता येत नाही."

त्यांनी हेडफोन कानाशी आणखी दाबून धरला. संपल्यावर म्हणाल्या, "आखीन एक डाव लावा." मी लावला. देवमन आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले होते, कधी आले ते कळलं नाही.

निघताना सुभद्राबाईंनी पिशवीतून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "हे माह्याच्यात टाकून द्या." मी टाकून दिलं. कुठं दाबायचं ते दाखवलं. त्यांनी दोनदा करून बघितलं.

"पाहुण्याइले काय सांगाल?" मी विचारलं.

"ते पाहतो मी. तिच्या बापाचं अवघड आहे." मग म्हणाल्या, "मेल्यावर सासर नाही राहत, ताई. पोरीले पुढं जगा लागन."

"हो," मी म्हटलं. "पण तिले वाटन तवा."

आम्ही दोघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. अमरावतीची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी राहिले. गाडी वळली तेव्हा दिसलं, त्यांनी फोन कानाला लावला होता. बोलत नव्हत्या.